आमची वाटचाल : जुन्या डिफचा धंदा

कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात मामांच्या लेथवर हात बसला. पुढे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला गॅरेज थाटलं तेव्हा ब्रेक, क्लच, मिळेल ते काम घेत होतो. मग माझदा एमएक्स-५ वाले येऊ लागले. दोन सीटांची ही गाडी १९८९ पासूनची. जपानहून आलेल्या ‘युनोस रोडस्टर’ही इथे दिसतात. डिफरन्शियल, म्हणजे डिफ, ही मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी. ट्रॅकची हौस असलेल्याला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एलएसडी) हवंच असतं, त्यात एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर मिळतो. नवं परवडत नाही, म्हणून भंगारातलं उचलून आमच्याकडे आणतात. विकणाऱ्याने ‘एलएसडी आहे’ एवढंच सांगितलेलं असतं.

त्याची खातरजमा करणं हाच आमचा मुख्य धंदा होऊन बसला.

मागची दोन्ही चाकं उचलून एक फिरवायचं, दुसरं उलटं फिरलं तर साधं डिफ, ही चाचणी सगळ्यांना ठाऊक असते. पण १.६ लिटर इंजिनच्या गाड्यांत व्हिस्कस प्रकार येई. त्याच्या बंद डब्यातलं घट्ट सिलिकॉन तेल मेलं की तेही साध्यासारखंच वागतं, आणि तो डबा दुरुस्त होत नाही. आम्ही व्हिस्कस फुकटही घेत नाही. १.८ मधलं टॉर्सन निराळं : सगळा खेळ गिअरचा, झिजायला प्लेट नाहीत. स्टब (डिफच्या बाजूची आखूड दांडी) काढून भोकात बॅटरी मारली की साध्या डिफमध्ये आडवी पिन दिसते, टॉर्सनमध्ये ती नसते.

ओळख पटली तरी माल चांगला असेलच असं नाही. आधी तेल काढतो. राखाडी, लोण्यासारखा गाळ चालतो. बोटाला टोचणारे कण चालत नाहीत. मग पिनियनचा (आतल्या छोट्या गिअरचा) ढिलेपणा, क्राऊनच्या (त्याने फिरणाऱ्या मोठ्या गिअरच्या) दातांवरचे खड्डे, आणि मापाची डायल लावून बॅकलॅश, म्हणजे दोघांच्या दातांमधली मोकळीक. तो चार ठिकाणी घेतो, एकाच ठिकाणचं माप फसवतं. दातही मोजतो : क्राऊनचे ४१ ला पिनियनचे १० म्हणजे ४.१, ४३ ला १० म्हणजे ४.३. क्राऊन-पिनियनची जोडी फोडून दुसऱ्याशी लग्न लावणारे इथेही आहेत. असं डिफ हायवेवर रडायला लागतं.

गिऱ्हाइकाचे पैसे खरे वाचतात ते खरेदीआधीच्या फोनवर. १.६ ची क्राऊन ६ इंची, १.८ ची ७ इंची. मोठं बसवायचं तर हाफ शाफ्ट (डिफपासून चाकांपर्यंतचे दांडे) आणि प्रोपेलर शाफ्टही (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतचा दांडा) १.८ चेच लागतात. स्वस्तात डिफ मिळाल्याच्या आनंदात असलेल्याला हे सांगायचं काम बायकोकडे आहे. हिशेबही तीच बघते.

आता प्रत्येक डिफबरोबर मापांचा कागद देतो. घर्षणाच्या प्लेटवाली डिफ अजून बाहेर पाठवतो. शेड वाढली की तीही इथेच उघडू.