खाणीचा बोगदा, टप्पा ३ : आठवणी दाट तिथे भिंत दाट

खाणीच्या बोगद्याचं संगणकावर त्रिमित प्रतिरूप करणं चालू आहे; त्यात कामगारांच्या आठवणी जिथे दाट, तिथे भिंत दाट. मागच्या टप्प्यात ४० मीटरचा बोगदा फोटोग्रामेट्रीने (अनेक फोटो जुळवून त्रिमित आकार काढायच्या पद्धतीने) उभा राहिला खरा, पण केळीसारखा वाकून. लांब, अरुंद जागेत भिंगाच्या विकृतीचा अंदाज किंचित जरी चुकला तरी ती चूक फोटोगणिक साचत जाते. त्यावर इलाज म्हणजे दर ५ मीटरवर छापील खुणा चिकटवणं, त्यांच्यातलं अंतर लेसर मीटरने मोजून सॉफ्टवेअरला देणं, आणि जाताना एक, परतताना एक अशा दोन फेऱ्या. लगतच्या फोटोंत ८० टक्के भाग सामाईक हवा. आता मध्यरेषा सरळ आली आहे.

ओल्या खडकाचं दुखणं वेगळं. त्यावरची चकाकी कॅमेऱ्याबरोबर सरकते आणि सॉफ्टवेअर तिलाच खडकाची खूण समजतं. दिव्यावर पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारी) फिल्म आणि भिंगावर पोलरायझर फिल्टर काटकोनात बसवले की ती जाते. प्रकाशही बराच जातो, तेव्हा तिपाईला पर्याय नाही. (हे सगळं पाहुण्यांसाठी खुल्या, हवा खेळती असलेल्या खाणीतच, परवानगी काढून. बेवारस बोगद्यात ऑक्सिजन संपलेली हवा साचून राहते. तिला ना रंग, ना वास.)

या टप्प्याचं मुख्य काम आठवणींचं. कामगारांच्या ध्वनिमुद्रित मुलाखतींमधून कोणत्या जागेचा उल्लेख किती जणांनी केला, त्याचा तक्ता केला. सर्वाधिक उल्लेखांना १, बाकीच्यांना त्या प्रमाणात; हे त्या जागेचं आठवण-मूल्य. प्रतिरूपाची भिंत बिंदूंची आहे. ब्लेंडर या त्रिमित सॉफ्टवेअरच्या जिऑमेट्री नोड्समध्ये (नियम जोडून आकार घडवायच्या सोयीत) प्रत्येक बिंदूला ० ते १ मधला यादृच्छिक आकडा द्यायचा. तो त्या जागेच्या आठवण-मूल्यापेक्षा मोठा निघाला तर बिंदू पुसायचा. यादृच्छिक आकडा बिंदूच्या क्रमांकावर ठरतो, त्यामुळे आधी कुठे बिंदू गाळले तर क्रमांक बदलतात आणि ॲनिमेशनमध्ये भिंत लुकलुकते. आकडा अगदी सुरुवातीलाच, नाव दिलेल्या ॲट्रिब्यूटमध्ये (बिंदूसोबतच राहणाऱ्या नोंदीत) साठवला की लुकलुक थांबते.

परिणाम चांगलाच बोलका आहे. वळणावरची डबे खायची जागा गच्च भरली, पुढचे १२ मीटर जवळपास मोकळे. ती पोकळी भरून काढायचा मोह होतो. भरू नये.

दिव्यांच्या खोलीची जागा तीन जणांनी तीन ठिकाणी सांगितली. सरासरी काढली तर खोली भरीव खडकाच्या पोटात गेली, म्हणजे कुणीच सांगितली नव्हती तिथे! आता तिन्ही खोल्या आपापल्या जागी, प्रत्येकी एक तृतीयांश तेजाने. ज्याचा आवाज चालू, त्याची खोली उजळते.

उजेडासाठी कार्बाइड दिव्याची पिवळट ज्योत घेतली आहे, रंगतापमान सुमारे २४०० केल्विन. दिवा नेमका कॅमेऱ्याच्या जागी ठेवला तर सावल्या वस्तूंमागे लपतात आणि दृश्य सपाट होतं. तो १५ सेंटिमीटर वर सरकवला. धुळीची घनता (दर मीटरला प्रकाश किती गळतो, तो आकडा) ०.०२. ती ०.१ केली की १० मीटरवर जेमतेम ३७ टक्के प्रकाश पोचतो, परतीच्या वाटेवर तोही गळतो आणि समोर नुसता दुधाळ पडदा उरतो.

ध्वनी अजून अर्धवट आहे. बोगद्यात फुगा फोडून ध्वनिमुद्रित केलेला प्रतिसाद (बोगद्याचा घुमारा) मुलाखतींच्या आवाजावर चढवला, तेव्हा शब्द एकमेकांत मिसळले. घुमारा सध्या २० टक्क्यांवर आहे; वाक्यांची शेवटची अक्षरं अजूनही गिळली जातात, म्हणून पुढची चाचणी १२ टक्क्यांवर.