एंगाडिनची तळी सायकलवर: खडी कुठं आहे आणि कुठं नुसती म्हणायला आहे

आधी वाईट बातमी. स्वित्झर्लंडच्या एंगाडिन खोऱ्यात सेंट मॉरिट्झपासून मालोयापर्यंत तळ्यांच्या दक्षिण काठानं ‘एकही गाडी नाही, सलग खडीचा रस्ता’ असं सगळे छातीठोकपणे सांगतात. गाड्या नाहीत, हे खरं. सलग खडी मात्र नाही. सिल्स मारिया ते इसोला हा तीन-चार किलोमीटरचा तुकडा सरळसरळ पायवाट आहे. नकाशाच्या ॲपवर तो बाकीच्या रस्त्याच्याच रंगात रंगवलेला दिसतो, म्हणून माणूस निर्धास्तपणे आत शिरतो आणि दहा मिनिटांत सायकल खांद्यावर घेतो.

वाट अशी आहे: डाव्या हाताला लार्चच्या झाडीचा उतार, उजव्या हाताला खाली तळं, मध्ये जेमतेम एका माणसापुरती जागा. झाडांची मुळं वाटेला आडवी, पाऊस पडून गेला असेल तर साबणासारखी. मध्येच दगडी पायऱ्यांसारखे छोटे चढ येतात. ते वेग घेऊन चढावेत म्हटलं, तर समोरून चालणारी मंडळी आलेली असतात आणि पहिला हक्क त्यांचा. फुल सस्पेन्शनची माउंटन बाइक असेल आणि सकाळी आठच्या आत निघालात तर मजा येईल. वाकड्या हँडलच्या ग्रॅव्हल बाइकवर, म्हणजे खडीच्या रस्त्यासाठीच्या सायकलवर, मजा नाही. ढकलत नेली तर पाऊण तास ते तास धरा. खाली प्लास्टिकची मोठी क्लीट (पेडलमध्ये अडकणारी पट्टी) असलेले रोडचे बूट घालून आलात तर दगडावर घसरण नक्की, म्हणून दोन बोल्टच्या क्लीटचे, चालता येणारे बूटच हवेत.

उत्तर काठानं हमरस्ता आहे. त्यावर ट्रक, बस आणि सुटीच्या दिवशी मोटरसायकलींचे जथे असतात. ज्या सुखासाठी एवढ्या लांब आलो ते तिथं मिळत नाही. त्यामुळं निकाल साफ आहे: सेंट मॉरिट्झहून निघा, सुर्लेयवरून सिल्स मारियाला पोचा आणि तिथून डावीकडे फेक्सच्या खोऱ्यात वर चढा. त्या रस्त्यावर बाहेरच्यांच्या गाड्यांना बंदी आहे. सुरुवातीचा चढ दमवतो, पण रस्ता रस्त्यासारखा आहे. इसोला बघायचंच असेल तर मालोयाच्या बाजूनं जा. तिकडून गावापर्यंत रुंद शेतरस्ता आहे. त्याच वाटेनं परत फिरा.

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि ही नीट समजून घ्या. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, तसाच हा उन्हाचा वारा, पण उलट्या डोक्याचा. डोंगरी खोऱ्यात दिवसा वारा खालून वर वाहतो, असा साधा नियम. इथं तो वरून खाली वाहतो. कारण मालोयाची खिंड (१८१५ मीटर) म्हणजे नावाचीच खिंड. एंगाडिनच्या बाजूनं ती जवळपास सपाट आहे आणि पलीकडं ब्रेगाल्याच्या खोऱ्यात एकदम तुटलेली. ब्रेगाल्यातली तापलेली हवा वर चढते, खिंडीवरून सांडते आणि तळ्यांवरून सेंट मॉरिट्झकडं धावत सुटते. स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारी बाराच्या आसपास सुरू होते आणि संध्याकाळपर्यंत थांबत नाही. सिल्वाप्लानाच्या तळ्यावर पतंग बांधून पाण्यावर घसरणाऱ्यांची जत्रा भरते ती याच वाऱ्याच्या जिवावर.

म्हणजे सकाळी मालोयाच्या दिशेनं जायचं आणि दुपारी पाठीवर वारा घेऊन परत यायचं. उलटं केलंत तर सिल्वाप्लानाच्या काठचा तो सपाट, सुंदर, खडीचा रस्ता अंबेनळी घाटासारखा वाटेल. सकाळीच मालोयाकडून ढगांची लांबट पांढरी शेपटी तळ्यांवर सरपटत येताना दिसली तर हवा बिघडणार समजा. तिथले लोक तिला मालोयाचा साप म्हणतात. त्या दिवशी उंचावर जाऊ नका.

सुर्लेयजवळ काठावर पिरॅमिडच्या आकाराची एक मोठी शिळा आहे. ऑगस्ट १८८१ मध्ये तिच्यापाशी जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेला त्याचा सगळ्यात जड विचार सुचला: सगळं पुन्हा पुन्हा तसंच घडत राहतं. सायकलस्वाराला इतकं कळलं तरी पुरे की तिच्या आडोशाला वारा कमी लागतो.

टायर. ४० मिलिमीटरच्या खाली येऊ नका, ४५ असेल तर उत्तम, आणि ट्यूबलेसच, म्हणजे आत ट्यूब नसलेला. माणूस ७० किलोचा असेल तर ४० च्या टायरला ३३ ते ३६ पीएसआय, ४५ ला २८ ते ३१. झुरिकला किंवा म्युनिकला घरी हवा भरून आलात तर वर आल्यावर पुन्हा मोजा. तिथल्या मानानं १८०० मीटरवर बाहेरचा दाब सुमारे ०.१५ बारनं उतरतो, म्हणजे टायरमधली हवा तेवढीच राहूनही गेज साधारण २ पीएसआय जास्त दाखवतो. तेवढ्यानंही खडीवर टायर उड्या मारायला लागतो. उलट पहाटे पारा चार-पाच अंशांवर असतो, तेव्हा दाब थोडा कमी दिसेल. लगेच पंप काढू नका, ऊन वर येऊ द्या. सोबत पंक्चरच्या भोकात खुपसायच्या पट्ट्या, एक सुटी ट्यूब आणि आपल्याच फ्रेमचा डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला ज्यावर बसतो तो तुकडा. हा हँगर दुकानातल्या ढिगातून शोधायची वेळ आली तर तो दिवस गेला. पुढची चक्री ४० दातांची आणि मागची सगळ्यात मोठी ४२ ची असेल तर चालतं. त्याहून जड गिअरवर फेक्सच्या चढावर गुडघे बोलतील.

स्टाझचं तळं आणि तिथून जंगलातून पोंत्रेसिना: छान आहे, सोपं आहे, जा.

पोंत्रेसिनाहून वाल रोसेग: सात किलोमीटर, सव्वादोनशे मीटर चढ, गाड्यांना बंदी, शेवटी १९९९ मीटरवर हॉटेल आणि समोर हिमनद्या. या रस्त्यावर घोडागाड्या चालतात. टापांनी मधली खडी सुटी होते आणि वळणांवर तिचे ढीग लागतात. उतरताना पुढचा ब्रेक वळणाच्या आधी दाबा, वळणात दाबला की चाक निघून जातं. घोड्याच्या मागून घंटी वाजवू नका. लांबूनच मोठ्यानं ‘ग्रुएत्सी’ (तिकडचा नमस्कार) म्हणा, गाडीवान हात करेल तेव्हा पुढं जा. समोरून गाडी आली तर कडेला उतरून उभे राहा. गाई वासरांसह वाटेवर असतील तर मध्ये घुसू नका, लांबून वळसा घाला. उघडलेलं फाटक पुन्हा लावायचं, हे सांगायला नको.

आता बेर्निनाची खिंड. वर रेल्वेनं जा, यात कमीपणा काही नाही. ओस्पिझिओ बेर्निना स्थानक २२५३ मीटरवर आहे. साध्या लाल गाडीत सायकलचं चिन्ह असलेल्या डब्यात चढा. मोठ्या काचांच्या पर्यटक एक्स्प्रेसमध्ये सायकल घेत नाहीत. तिचं तिकीट आधी काढलंत तर पैसे गेले. झुरिकहून कूरला येणाऱ्या इंटरसिटीत २१ मार्चपासून ऑक्टोबर अखेरपर्यंत सायकलची जागा आधी राखावी लागते, ते वेगळं.

स्थानकासमोर लागो बियांको. हिमनदीच्या दगडपिठानं पांढुरकं दिसतं म्हणून ‘पांढरं’. शेजारचं लेय नायर ‘काळं’. काळ्याचं पाणी इन नदीतून डॅन्यूबवाटे काळ्या समुद्राला जातं, पांढऱ्याचं पो नदीतून एड्रियाटिकला. दोन्हींमध्ये जेमतेम चालण्याइतकं अंतर.

इथून बेर्निना सुओतपर्यंत उतार दगडी आहे, पण सांभाळून चालवता येतो. सुओत (२०४६ मीटर) ते मोर्तेराच (१८९६ मीटर) नाही. दीडशे मीटरचा उतार थोड्या अंतरात संपतो. धबधब्याशेजारून मोठाले दगड, पायऱ्या आणि तुषारांनी ओले झालेले कातळ. माउंटन बाइकवाले तिथून आनंदानं जातात आणि त्यांच्या आनंदावर विश्वास ठेवून ग्रॅव्हलवाले रिम वाकवून घेतात. सुओतला पुन्हा गाडीत बसा, पुढचं स्थानक मोर्तेराचच आहे. सगळ्या गाड्या थांबत नाहीत, वेळापत्रक बघा आणि छोट्या स्थानकावर थांबण्याचं बटण दाबायला विसरू नका. मोर्तेराचपासून पोंत्रेसिनापर्यंत जंगलातली रुंद खडी आहे, डोळे मिटून जा. जूनच्या मध्याआधी खिंडीत बर्फ सापडू शकतं. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वीज कडाडते, तेव्हा एकच्या आत खिंड सोडा.

पैशांबद्दल. कार्डचं यंत्र रुपये की फ्रँक असं विचारेल, फ्रँक दाबा. रुपये दाबलेत तर दर त्यांचा लागतो, आणि तो कधीच आपल्या बाजूचा नसतो. युरोच्या नोटा घेतात, सुटे फ्रँकमध्ये देतात, दर पुन्हा त्यांचाच. बाटलीबंद पाणी विकत घेणं हा शुद्ध मूर्खपणा. प्रत्येक गावात दगडी कुंडात नळ वाहत असतो, वर ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचं पाणी नाही) लिहिलेलं नसेल तर बिनधास्त भरा. उपाहारगृहात साध्या नळाच्या पाण्याचेही पैसे लावू शकतात, आधी विचारा. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भरा.

शाकाहारी मंडळींनी बार्लीच्या सूपला भुलू नये, त्यात बहुधा मांसाचे तुकडे असतात. रोश्तीतही (किसलेल्या बटाट्याचा तव्यावरचा प्रकार) बेकन असू शकतं, विचारून घ्या. पिझोकेरी मागवा: कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, कोबी, बटाटा, भरपूर चीज. आणि बेकरीतून अक्रोडाचा नुसटोर्टे घ्या. चार दिवस टिकतो, जर्सीच्या मागच्या खिशात चुरा होत नाही आणि एका तुकड्यावर फेक्सचा चढ निघतो.