काळ्या रानातला बटाटा काढला अन् उन्हाळ्यापर्यंत टिकवला

आमच्याकडं कळंब भागात बटाटा म्हणजे बाजारातून आणायची वस्तू, सोयाबीन-हरभऱ्याच्या गावात कोण लावतंय. पण सोयाबीन निघाल्यावर विहिरीजवळचे दोन गुंठे मोकळेच होते, तिथं नोव्हेंबरमधी कुफरी पुखराज जातीचा बटाटा लावला, घरी खाण्यापुरता. लावणं, बुडाला मातीची भर देणं सोपंय हो, खरा कुटाणा काढणीचा, कारण रान काळं. ओलं असलं की बटाट्याला चिखल चिकटून येतो अन् पार वाळलं की ढेकळं फुटत नाहीत, कुदळीचा घाव बटाट्यावरच बसतो. मधला वाफसा धरायचा, म्हंजी माती ना चिकट ना कडक.

फेब्रुवारीत पाला पिवळा पडायला लागला तसं पाणी तोडलं, झाडं जमिनीलगत कापून बाहेर टाकली अन् बटाटे आठ-दहा दिवस तसेच आत राहू दिले. त्यानं साल पक्की होते. एखादा उकरून अंगठ्यानं घासून बघायचा, साल सरकली तर अजून थांबायचं. पण ह्याच दिवसांत काळ्या रानाला भेगा पडतात, त्या रोज खुरप्यानं बुजवल्या, कारण भेगेतून ऊन लागलं की बटाटा हिरवा पडतो (त्यात सोलॅनिन वाढतं, तसला खाऊ नये) अन् पाकोळीपण (बारका पतंग, त्याची अळी बटाटा पोखरते) तिथूनच आत शिरून डोळ्यापाशी अंडी घालते. आपल्या गरम भागात बटाट्याचा खरा दुश्मन हीच, सड नंतर.

सकाळी सकाळी काढला अन् लगेच सावलीत नेला, रानात रात्रभर उघडा ढीग ठेवायचा नाही, पाकोळी रात्रीच फिरते. धुवायचा तर अजिबात नाही. कापलेले, कुरतडलेले वेगळे काढले, ते आधी भाजीला. बाकीचे सावलीतच पसरून सुकवले, मग माळवदाच्या (मातीच्या छताच्या) खोलीत पातळ थरात ठेवले, वर वाळलेला कडुलिंबाचा पाला, खिडकीला बारदाना. आई म्हणली कांद्याशेजारीच टाक की, मी नाही टाकले, कांद्याला कोरडी हवा लागते अन् बटाट्याला जरा ओलसर गारवा, दोघांचं जमत नाही. स्लॅबच्या घरात एप्रिलमधी हे टिकलं नसतं असं माझं मत. आठवड्याला एकदा ढीग चाळायचा, नासका दिसला की बाहेर, वास आधी येतोच.

उरलेल्यांचे एप्रिलमधी वेफर्स केले, तळल्यावर पांढरे राहिले. कोल्ड स्टोरेजमधल्या बटाट्यात थंडीनं साखर वाढते म्हणून त्याचे वेफर्स लाल पडतात.