सक्शनचा काटा शून्याखाली का जात होता

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळच्या बर्फ कारखान्यात मी अमोनियाचे कॉम्प्रेसर सांभाळतो. पिस्टनच्या कॉम्प्रेसरवर कोरडा, म्हणजे आत द्रव न भरलेला, गेज (दाब दाखवणारं काट्याचं यंत्र) टिकत नाही. काटा सतत थरथरतो आणि आतली बारीक दातेरी चाकं झिजतात. म्हणून १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत आम्ही ग्लिसरीन भरलेले गेज बसवले. आतून-बाहेरून स्टेनलेस स्टीलचेच, कारण अमोनिया पितळ खातो.

काचेत वरच्या बाजूला बुडबुडा दिसला. मला वाटलं, ग्लिसरीन कमी भरलंय. सक्शनच्या, म्हणजे कॉम्प्रेसर गॅस ओढतो त्या बाजूच्या, गेजचं रबरी बूच काढलं, काठोकाठ ग्लिसरीन ओतलं आणि बूच दाबून बसवलं. चूक तिथेच झाली.

ऑक्टोबरच्या उकाड्यात रोज दुपारी सक्शनचा दाब पाव किलोने (दर चौरस सेंटिमीटरला) कमी दिसू लागला. गॅस कमी पोचतोय असं समजून मी एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (थंड करणाऱ्या नळ्यांत अमोनिया सोडणारा) थोडा उघडला, तर कॉम्प्रेसरपर्यंत हिम चढलं. काळजात धस्स झालं. द्रव अमोनिया आत शिरला असता तर मशीनच गेलं असतं. व्हॉल्व्ह लगेच मागे घेतला.

मग मास्क लावून गेजचा कॉक बंद केला आणि नट हळूहळू सैल करून अडकलेला गॅस सोडला. आता काटा शून्यावर यायला हवा होता. तो शून्याच्या खाली, व्हॅक्यूमच्या बाजूला उभा! बुचाची कड नखाने उचलली, ग्लिसरीनचे चार थेंब ओघळले आणि काटा सरकत शून्यावर आला.

आमच्या जुन्या मेकॅनिककाकांनी नंतर समजावलं. युजीन बोर्डोंने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली गेजमधली वाकडी नळी तिच्या आतला दाब आणि बाहेर गेजच्या डब्यातला दाब यांतला फरक दाखवते. ग्लिसरीन तापून फुगतं. बुडबुड्याची जागा नसेल आणि बूच बंद असेल, तर डब्यात दाब साठतो नि काटा कमी दाखवतो. डिस्चार्जला, म्हणजे दाबलेला गॅस बाहेर पडतो त्या बाजूला, बारा-तेरा किलोत पाव किलो लक्षातही येत नाही. सक्शनला मात्र जेमतेम दीड किलो असतं, तिथे तो फरक घात करतो.

थोडं ग्लिसरीन काढून मी बुडबुडा परत ठेवला. आता गेज बसवला की बुचाचा श्वास (हवेची वाट) मोकळा करतो, आणि दर बंदीत कॉक बंद करून प्रत्येक काट्याचं शून्य बघतो. गेल्या वेळी डिस्चार्जच्या एका गेजमधलं ग्लिसरीन पिवळं पडून आकडे दिसेनासे झाले होते. तो बदलायला काढलाय.