काटोल-कळमेश्वरकडून गोरेवाडा: एका दिवसात काय बघावं

काटोल, कळमेश्वरकडून एसटीनं नागपूरला जाणाऱ्यांना गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयासाठी शहरातल्या बर्डीपर्यंत (सीताबर्डी) जायचं कारण नाही. ते काटोल रोडवरच, शहर लागायच्या आधी येतं. बस तिथं थांबते का, हे चढतानाच कंडक्टरला विचारून घ्या. सोमवारी गोरेवाडा बंद असतं. तिकीट आधीच ऑनलाइन काढलेलं बरं, कारण सुट्टीच्या दिवशी सफारी बसच्या सकाळच्या फेऱ्या लवकर भरतात.

२६ जानेवारी २०२१ ला सुरू झालेल्या या सफारीत वाघ, बिबट, अस्वल आणि तृणभक्षी असे चार वेगळे भाग आहेत. सफारीची बस पहिल्या फाटकातून आत शिरते, ते मागं बंद होतं, मगच पुढचं उघडतं. तिथं दोन मिनिटं थांबावं लागलं, तर लेकरांना हे कारण आधीच सांगून ठेवा.

पहिली फेरी मिळाली तर उत्तम. ऊन चढलं की वाघ सावली नाहीतर पाणी धरतो आणि बसमधून नुसती पाठ दिसते. बिबट मात्र जमिनीवर शोधत बसू नका. आधी फांद्यांचे बेचके बघा. पानांच्या आत लोंबणारी शेपटी सापडली की बाकीचं अंग आपोआप उलगडतं. पावसाळ्यात गवत वाढतं, म्हणून जनावर दिसणं अवघड होतं. सागाची पानगळ झाल्यावर, फेब्रुवारीत, नजर लांबवर जाते. मला विचाराल तर हाच महिना खरा. एप्रिल-मे महिन्यांत लहानग्यांना दुपारी नेऊच नये.

फोटो काढताना मोबाइल काचेला अगदी टेकवून धरा. अंतर राहिलं की काचेतलं आपलंच प्रतिबिंब उमटतं. बसमध्ये आरडाओरडा नको. आवाज झाला की जनावर आडोशाला जातं आणि मागच्या बसलाही काही दिसत नाही.

तृणभक्ष्यांच्या भागात रोही (नीलगाई) दिसतात. नर निळसर करडा, मादी बदामी. आपल्याकडे हरभऱ्यात शिरल्यावर त्यांना हाकलण्याचीच घाई असते. इथं मानेखालची केसांची झुपकी निवांत बघता येते.

उरलेल्या वेळात बर्डीजवळचं महाराजबाग प्राणिसंग्रहालय होतं. भोसल्यांच्या काळातली ही बाग आज अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. महाराजबागेत पायी फिरायचं असल्यानं म्हाताऱ्या माणसांना दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी झेपत नाहीत. त्यांच्यासाठी गोरेवाडा ठेवा, कारण तिथं सफारी बसूनच होते.