सहकारी पत्त्यांचे खेळ आणि आमची ३०० रुपयांची भिशी: माझा अनुभव

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते कुटले तर खानदेशात घरचे काही बोलत नाहीत. एरवी मात्र ‘पत्त्यांत पैसे घातले’ म्हटलं की चेहरे बदलतात. जळगावात आम्ही चौघांनी वर्षभर महिन्याला १२०० रुपये पत्त्यांतच घातले. फरक एवढाच, की या खेळात टेबलावरचे सगळे एका बाजूला आणि खोक्यातला व्हिलन दुसऱ्या बाजूला. जिंकलो तर सगळे, हरलो तरी सगळेच. ते पैसे कुठे कामी आले आणि कुठे वाया गेले, त्याचा हा हिशेब.

आधी खरेदीची पद्धत. १९९३ साली आलेल्या ‘मॅजिक’सारख्या खेळात पाकीट फोडेपर्यंत आत कोणता पत्ता निघेल ते कळत नाही. फॅन्टसी फ्लाइट या कंपनीने २००८पासून ‘लिव्हिंग कार्ड गेम’ नावाखाली वेगळी पद्धत चालवली: प्रत्येक पॅकमध्ये काय आहे ते ठरलेलं, दोघांनी तोच पॅक घेतला तर दोघांचे पत्ते सारखेच. यातले सहकारी खेळ मुख्यतः तीन: लॉर्ड ऑफ द रिंग्ज (२०११), आर्कहॅम हॉरर (२०१६) आणि मार्व्हल चॅम्पियन्स (२०१९). आधी मूळ खोकं, म्हणजे कोअर सेट घ्यायचा, मग जमेल तशी भर घालायची. नशिबाचा भाग नसल्यामुळे खरेदीत जुगार नाही, पण ‘आपलं अजून अपुरं आहे’ ही टोचणी कायम असते, आणि खिसा तीच रिकामा करते.

दुसरी गोष्ट आम्हाला उशिरा उमगली. समोरासमोरच्या खेळात माणूस मित्राला हरवायला पत्ते घेतो. इथे खोकं आपल्याला हरवतं म्हणून घेतो. सलग तीन डाव हरलो की चौघांपैकी कुणीतरी म्हणतंच, ‘काय भो, पत्तेच कमी पडताहेत आपल्याला.’ बहुतेक वेळा कमी पडलेला असतो तो नियम. मार्व्हलमध्ये खेळाडूंची फेरी संपली की हातातले नको ते पत्ते टाकून, हाताच्या ठरलेल्या मर्यादेपर्यंत नवे उचलायचे असतात. स्पायडरमॅनची मर्यादा हिरोच्या रूपात ५, पीटर पार्करच्या रूपात ६. इतर खेळांची सवय असलेला माणूस फेरीला एकच पत्ता उचलतो आणि तिसऱ्या फेरीत रिकाम्या हाताने बसतो. या खेळात पत्त्याची किंमत दुसरे पत्ते टाकूनच भरायची असल्यामुळे रिकामा हात म्हणजे डाव गेला. नियमांचं पुस्तक पुन्हा वाचायला काही लागत नाही. म्हणून हरलेल्या रात्री ऑर्डर टाकायची नाही, हा आमचा पहिला ठराव.

आता भिशी. सहकारी खेळाची मोठी सोय अशी, की अख्ख्या टेबलाला एकच संच पुरतो. प्रत्येकाने आपापला घ्यायची गरज नसते. महिन्याला माणशी ३०० म्हणजे वर्षाला १४,४०० रुपये. नेहमीच्या भिशीत माणसाचा नंबर लागतो, इथे खोक्याचा. सुरुवातीला आम्ही उलटं केलं होतं: प्रत्येकाने आपल्या आवडीचा हिरो, म्हणजे त्याच्या पत्त्यांचा पॅक, स्वतःच्या पैशाने घ्यायचा. त्यात दोन घोळ झाले. ज्याच्या घरी कोअर, तो गावाला गेला की बाकीच्यांचे हिरो नुसते पडून. आणि एका हिरोच्या पॅकमधले सर्वसाधारण पत्ते दुसऱ्याच्या डेकमध्ये, म्हणजे खेळायच्या गठ्ठ्यात, मिसळले जातात. चार महिन्यांनी ‘माझं मला द्या’ म्हटलं की निवडत बसा. आता सगळं भिशीच्या मालकीचं आणि ठेवायची जागा एकच. कुणी गट सोडला तर त्याच्या वाट्याची निम्मी रक्कम परत, पत्ते नाहीत.

पहिलं खोकं निवडताना सगळ्यात महाग पडते ती जुनी आवृत्ती. लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये डेकमध्ये एकच पत्ता जास्तीत जास्त ३ वेळा ठेवता येतो, पण २०११च्या कोअरमध्ये कित्येक चांगल्या पत्त्यांच्या एक किंवा दोनच प्रती होत्या. त्या भरायला लोक दुसरा कोअर घेत, म्हणजे तेच तीन सीनारिओ (खेळायचे प्रसंग) पुन्हा विकत घेत. २०२२च्या सुधारित खोक्यात खेळाडूंच्या पत्त्यांच्या तीन-तीन प्रती आहेत. आर्कहॅमचंही तसंच. तिथे मर्यादा २ प्रतींची, आणि २०१६चा कोअर दोघांपुरता. २०२१चा सुधारित कोअर चौघांना पुरतो. जुना कोअर स्वस्तात दिसला तर तो दोनदा घ्यावा लागेल असं धरूनच किंमत जोखावी.

आम्ही मार्व्हल घेतला, कारण एक डाव संध्याकाळी बसून संपतो आणि गोष्ट पुढे ओढत न्यावी लागत नाही. कोअरमध्ये पाच हिरो, तीन व्हिलन (ऱ्हायनो, क्लॉ, अल्ट्रॉन) आणि व्हिलनच्या गठ्ठ्यात मिसळायचे पाच छोटे मॉड्युलर संच. हिरो पाच असले तरी आस्पेक्ट, म्हणजे हिरोला जोडायच्या पत्त्यांचे प्रकार, चारच: अ‍ॅग्रेशन, जस्टिस, लीडरशिप, प्रोटेक्शन. चौघं बसले की प्रत्येकाने वेगळा आस्पेक्ट घ्यायचा. दोघांना जस्टिस हवा असेल तर एका खोक्यात ते नीट जमत नाही. भांडण नको म्हणून आम्ही चिठ्ठ्या टाकतो.

आता खरा हिशेब. तीन व्हिलन गुणिले पाच संच म्हणजे १५ जोड्या. प्रत्येक जोडी साध्या आणि एक्स्पर्ट पातळीवर खेळली तर ३०. आठवड्याला एक डाव धरला तर सात महिने तेवढ्यावर निघतात, हिरो आणि आस्पेक्टची अदलाबदल वेगळीच. पण हौशी गट पाचव्या-सहाव्या डावालाच नवी खरेदी करतो, आणि तीही हिरो पॅकची. आकर्षण कळण्यासारखं आहे: कॅप्टन अमेरिका, थॉर, डॉक्टर स्ट्रेंज ही नावं घरातल्या पोरांनाही माहीत, पॅकमध्ये ६० पत्ते, ४० पत्त्यांचा डेक तयार, पाच मिनिटांत डाव सुरू. पण सुरुवातीच्या या पॅकांत नवा व्हिलन नाही. चार हिरो घ्या, समोर पुन्हा तोच ऱ्हायनो. नंतरच्या काही पॅकांत एखादा मॉड्युलर संच येतो, तेवढाच.

याउलट ग्रीन गॉब्लिनचा सीनारिओ पॅक बघा. आत दोन सीनारिओ आणि चार मॉड्युलर संच. तो कोअरमध्ये मिसळला की तिथले तीन व्हिलन धरून पाच सीनारिओ गुणिले नऊ संच, म्हणजे १५च्या जागी ४५ जोड्या. हिरो पॅकने हा आकडा १५च राहतो. म्हणून आमच्या भिशीत पहिला नंबर गॉब्लिनचा लागला आणि हिरोंना थांबावं लागलं. मोठं खोकं घ्यायचं तर ‘राइज ऑफ रेड स्कल’मध्ये पाच सीनारिओ आणि हॉकआय, स्पायडर-वुमन असे दोन हिरो एकत्र मिळतात, ते सुटे पॅक जमवण्यापेक्षा बरं पडतं. हिरो पॅक मी वाईट म्हणत नाही. रोजचा माणूस त्याच डेकला कंटाळला, किंवा पाहुणा आला आणि त्याला डेक बांधायला वेळ नाही, तेव्हा तोच उपयोगी. फक्त तिथून सुरुवात करू नये.

किंमत जोखायला आम्ही भागाकार करतो. समजा खोकं ६,००० रुपयांचं आणि चौघांनी २० बैठका खेळलं: ८० माणूस-बैठका, दर बैठकीला माणशी ७५ रुपये. समजा हिरो पॅक २,००० रुपयांचा आणि तो हिरो घेऊन चार वेळाच बसलो: १६ माणूस-बैठका, माणशी १२५. शेवभाजीच्या ताटाशी तुलना करून बघा. हा भाव वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला की पुढची मागणी आपोआप सौम्य होते.

आर्कहॅमचं गणित निराळं. सुधारित कोअरमध्ये तीन सीनारिओंची एक मोहीम, म्हणजे सलग गोष्ट. पुढे २०२१पासून भर दोन वेगळ्या खोक्यांत येते: एकात तपास करणारी पात्रं आणि त्यांचे पत्ते, दुसऱ्यात मोहीम. खोकी दिसायला भावंडांसारखी. पात्रांचं खोकं मागवून ‘यात गोष्टच नाही’ म्हणून डोक्याला हात लावणारे पुष्कळ. ‘रिटर्न टू’ नावाची खोकी तर मूळ मोहीम घरात नसेल तर निरुपयोगी. त्याआधी डनविचसारखी मोहीम एका मोठ्या खोक्यात आणि सहा सुट्या पॅकांत विभागलेली असे. सेकंडहँड घेताना त्या सहांतला एक जरी नसला तरी गोष्ट मधेच तुटते, आणि तो एकटा शोधायला गेलं की विकणारा मागेल तो भाव. मोहिमेचा सगळा उलगडा एकदा झाला की तिची नवलाई बरीच उतरते, म्हणून मोहिमेचं खोकं खेळून विकायचं आणि पात्रांचं ठेवायचं. खेळ फारच अवघड वाटला तर यश-अपयश ठरवायला पिशवीतून काढायच्या टोकनांचं मिश्रण सोप्या पातळीचं करा. त्याला वेगळं खोकं लागत नाही.

जुनं घेताना फोटो मागवायचा तो खोक्याचा नव्हे, पत्त्यांचा. शत्रूच्या पत्त्यांवर त्यांच्या संचाची खूण आणि क्रमांक छापलेला असतो. विकणाऱ्याला संचवार, क्रमाने ओळीत मांडून फोटो काढायला सांगायचं. गळालेला क्रमांक लगेच दिसतो. खेळाडूचा एखादा पत्ता नसेल तर भागतं, रंगीत झेरॉक्स काढून साध्या पत्त्यावर लावून स्लीव्हमध्ये, म्हणजे पत्त्याच्या प्लास्टिकच्या खोळीत, सरकवता येते. व्हिलनचा मुख्य पत्ता नसेल तर तो संच घेऊ नये. नवं मागवताना पुणे-मुंबईच्या दुकानांतून तीन महिन्यांची मागणी एकदम टाकायची, म्हणजे पार्सलचा खर्च एकदाच. परदेशातून सुटा पॅक मागवणं टाळा: कस्टम ड्युटी आणि कुरिअरची हाताळणी धरली की छोट्या पॅकवर तेच ओझं जास्त होतं.

स्लीव्हवर लोक फार उधळतात. पत्त्याचं माप ६३.५ × ८८ मिलिमीटर. ५७.५ × ८९चे स्लीव्ह नजरेला सारखे वाटतात, पण पत्ता त्यात शिरत नाही. १०० नगांची तीन पाकिटं आम्ही एकदा अशीच बाद केली. अख्ख्या संग्रहाला स्लीव्ह घालायची गरज नाही. चार डेक गुणिले ४० म्हणजे १६० पत्ते, दोन पाकिटांत काम होतं. उरलेले ४० चालू व्हिलनच्या गठ्ठ्याला, कारण तोही पुन्हा पुन्हा पिसला जातो.

उन्हाळ्याचं मात्र वेगळं सांगावं लागेल. जळगाव-भुसावळला पारा ४५च्या पुढे गेला की कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलरची ओलसर हवा थेट टेबलावर आली की उघडे पत्ते तासाभरात धनुष्यासारखे वाकतात. वाकलेला पत्ता गठ्ठ्यात वेगळा ओळखू येतो, खेळातली गंमत जाते. कूलरचं तोंड भिंतीकडे, पंखा एकवर, आणि डाव संपला की पत्ते लगेच बंद डब्यात. गठ्ठ्यांना रबर लावू नका: मे महिन्यात ते पाघळून पत्त्याच्या कडेला चिकटतं आणि ओढलं की वरचा थर सोलून घेऊन येतं. आम्ही कागदाच्या पट्ट्या गुंडाळतो. खोक्यातल्या कप्प्यांसाठी जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद पत्त्यापेक्षा बोटभर उंच कापला, वर संचाचं नाव लिहिलं. विकतच्या लाकडी कप्प्यांच्या पैशात एक सीनारिओ पॅक येतो.

सध्या भिशीत ३,६०० रुपये जमा आहेत. रेड स्कलचा नंबर ठरलाय, पण क्लॉला एक्स्पर्ट पातळीवर अजून हरवायचं आहे. ते होईपर्यंत ऑर्डर नाही.