फोनचं स्टोरेज फुल झालं आणि फोन लोगोवरच अडकला – माझा अनुभव

'स्टोरेज जवळजवळ भरलंय' हे नोटिफिकेशन मी तीन महिने रोज बोटाने बाजूला ढकलत होतो. रोज म्हणजे अगदी रोज. ढकलायचं, दोन फोटो उडवायचे, एखादं न वापरलेलं अ‍ॅप काढायचं, तेवढ्यापुरतं गप्प बसतं, दुसऱ्या दिवशी परत हजर. माझी समजूत अशी की फुल झालं तर झालं, नवीन फोटो निघणार नाही, अजून काय होणार. तर अजून काय होतं ते सांगतो.

आधी लक्षणं, कारण तेव्हा मला ती लक्षणं वाटलीच नव्हती. फोन अँड्रॉइड, ६४ जीबीचा, साडेतीन वर्षं जुना. सगळ्यात आधी ओटीपी यायचे बंद झाले. मी नेटवर्कला शिव्या घातल्या, सिम काढून शर्टाला पुसून परत घातलं, फ्लाइट मोड चालू-बंद केला, काही नाही. नंतर कळलं की मेसेज ठेवायला जागाच नसेल तर फोन एसएमएस घेतच नाही, दारातूनच परत पाठवतो. मग स्क्रीनशॉट काढला की 'सेव्ह करता आला नाही'. कीबोर्ड उघडायला तीन-चार सेकंद. गॅलरीत फोटोंच्या जागी करडे चौकोन, कारण फोटोंच्या त्या छोट्या छोट्या प्रती (थंबनेल) बनवायच्या तर त्यांनाही जागा लागतेच ना. मी सगळ्याचं खापर 'फोन म्हातारा झालाय' यावर फोडून मोकळा.

आता मुख्य प्रकार. ताईच्या मुलीचा डान्सचा कार्यक्रम होता, ताईला ऑफिसमधून निघता येणार नव्हतं, त्यामुळे शूटिंगचं काम माझ्या गळ्यात. आदल्या रात्री एक गेम आणि ऑफलाइन उतरवून ठेवलेले सिनेमे उडवून सहा जीबी मोकळे केले आणि म्हटलं झालं काम. पण कॅमेरा फोरके वर, म्हणजे फुल एचडीपेक्षाही बारीक आणि जास्त जागा खाणाऱ्या क्वालिटीवर सेट होता, कधी केलेला देव जाणे. फोरकेमध्ये मिनिटाला साधारण साडेतीनशे एमबी जातात, फुल एचडीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे सहा जीबी सतरा मिनिटांत साफ. मी आपला पहिल्या ग्रुपपासून रेकॉर्डिंग चालू ठेवलं, उगाच मधे बंद-चालू करताना भाचीचा नंबर चुकायला नको म्हणून. भाची स्टेजवर आली, गाणं सुरू झालं, आणि स्क्रीन गोठली. नुसती गोठली असती तरी चाललं असतं, फोन आपोआप रिस्टार्ट झाला. कंपनीचा लोगो, मग ते फिरणारं अ‍ॅनिमेशन, मग काळी स्क्रीन, परत लोगो. कार्यक्रम संपेपर्यंत हेच.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने दोन मिनिटांत निकाल दिला, "रिसेट मारावा लागेल, डेटा जाईल. बॅकअप आहे ना?" मी छातीठोकपणे आहे म्हणालो. पण नशीब, रिसेट मारायच्या आधी घरी येऊन कॉम्प्युटरवर गुगल फोटोज उघडून बघितलं. शेवटचा फोटो सात महिन्यांपूर्वीचा! मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांना मिळून १५ जीबी असतात, ते कधीच भरले होते आणि बॅकअप तेव्हापासून ठप्प. आधी जरा कमी क्वालिटीत ठेवलेले फोटो त्या १५ जीबीत धरत नसत, १ जून २०२१ पासून नवीन फोटो धरायला लागले, हे मी वाचलंही होतं आणि विसरलोही होतो. बॅकअप थांबल्याचं नोटिफिकेशनही येत असणारच, तेही मी त्याच बोटाने त्याच बाजूला ढकललं असणार.

म्हणजे फोन भरलेला, वर क्लाउडही भरलेला, आणि सात महिन्यांचे फोटो फक्त त्या लोगो-लोगो खेळणाऱ्या डब्यात. एका मित्राला विचारलं की आतली मेमरी काढून कॉम्प्युटरला जोडता येत नाही का, तर तो हसला. हल्लीच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्टेड असतो, फोन स्वतः चालू होऊन आपण पिन टाकला तरच तो उघडतो, चिप काढून काही हाती लागत नाही. म्हणजे काहीही करून हाच फोन एकदा तरी चालू व्हायला हवा होता.

हा मित्र अ‍ॅप बनवतो, त्यानेच सांगितलं हा लूप, म्हणजे लोगोवरून फिरून परत लोगोवर, का होतो ते. फोन चालू होताना नुसतं वाचत नाही, लिहितही असतो. सिस्टिमच्या नोंदी, सेटिंगचे डेटाबेस, प्रत्येक अ‍ॅपचं काहीतरी चिमूटभर. लिहायला जागा मिळाली नाही की ती प्रोसेस कोसळते, एखादी महत्त्वाची प्रोसेस कोसळली की अख्खी सिस्टिम परत पहिल्यापासून सुरू, परत लिहायला जाते, परत कोसळते. आणि जागा करायची तर आधी फोन चालू व्हायला हवा. म्हणजे जागा करायलाही जागा हवी, पुढचे दोन दिवस मला हेच वाक्य वेगवेगळ्या रूपात भेटत राहिलं.

पहिला प्रयत्न रिकव्हरी मोड, म्हणजे फोन नीट चालू होत नसेल तेव्हासाठीचा वेगळा मेनू. फोन बंद करून पॉवर आणि व्हॉल्यूम अप एकदम दाबून धरायचं (सगळ्या फोनला हेच बटण नसतं, मॉडेलप्रमाणे बदलतं). काळ्या स्क्रीनवर बारीक अक्षरात मेनू येतो, टच चालत नाही, व्हॉल्यूमच्या बटणाने वर-खाली जायचं आणि पॉवरने ओके. आता गंमत बघा, 'वाइप कॅश पार्टिशन' आणि 'वाइप डेटा, फॅक्टरी रिसेट' या दोन ओळी एकमेकींना चिकटून! पहिली नुसती कॅश, म्हणजे तात्पुरत्या कामाच्या फाइल पुसणारी, निरुपद्रवी; दुसरी सगळं धुऊन नेणारी. माझं व्हॉल्यूमचं बटण आधीच जरा ढिलं, एकदा दाबलं तर कधी एक ओळ सरकते कधी दोन. मी अंगठा पॉवरवरून उचलून मांडीवर ठेवला, ओळ तीनदा वाचली, मग दाबलं. कॅश पुसली. फोन रिस्टार्ट केला. लोगो, अ‍ॅनिमेशन, काळी स्क्रीन, लोगो. काहीच फरक नाही, आणि पडणारही नव्हता, कारण ते कॅश पार्टिशन वेगळ्या कप्प्यात असतं, अ‍ॅपची कॅश आपल्या डेटाच्याच कप्प्यात असते आणि भरलेला होता तो कप्पा. त्यामुळे हा उपाय सगळे सांगतात तो या दुखण्यावर माझ्या मते फुकाचा.

दुसरा प्रयत्न सेफ मोड. फोन चालू करायचा आणि अ‍ॅनिमेशन आलं की व्हॉल्यूम डाउन दाबून धरायचं ते थेट होम स्क्रीन येईपर्यंत. यात आपण टाकलेली अ‍ॅप सुरूच होत नाहीत, फक्त फोनसोबत आलेली चालतात, म्हणजे लिहिणारे हात कमी. पहिल्या तीन वेळा नाही झालं. चौथ्यांदा फोन रात्रभर बंद ठेवून सकाळी पूर्ण चार्ज केला आणि मग केलं, आणि डाव्या कोपऱ्यात 'सेफ मोड' अशी अक्षरं दिसली तेव्हा खरं सांगतो मी उभा राहिलो. होम स्क्रीन अर्धी, वॉलपेपर काळा, पण चालू!

आणि इथे मी सगळ्यात मोठा गाढवपणा केला. गॅलरी उघडली, मोठे मोठे व्हिडिओ शोधून अकरा व्हिडिओ डिलीट केले, दीड-दोन जीबी तरी असतील. सेटिंगमध्ये जाऊन बघतो तर मोकळी जागा होती तेवढीच. काटा हललाच नाही. कारण गॅलरीत डिलीट म्हणजे डिलीट नाही, ते ट्रॅशमध्ये जातं आणि तिथे ३० दिवस पडून राहतं, जागा तशीच अडवून. ट्रॅश रिकामा केला तेव्हा कुठे आकडा हलला. गेला महिनाभर मी रोज जे 'दोन फोटो उडवत' होतो ते सगळे तिथेच निवांत बसले होते.

थोडी हवा आली पण लगेच नॉर्मल रिस्टार्ट करायची हिंमत झाली नाही. आधी सात महिन्यांचे फोटो बाहेर काढायचे ठरवलं. केबलने कॉम्प्युटरला जोडला. जोडल्यावर फोल्डर रिकामं दिसलं तर घाबरू नका, फोन अनलॉक करून 'फाइल ट्रान्सफर' निवडावं लागतं, मी निवडेपर्यंत घाबरून झालो होतो. मग सगळे फोटो एकदम सिलेक्ट करून कॉपी लावली, चार हजारांच्या वर फाइल, साडेसहाशेवर गेली आणि अडकली. परत लावली, परत अडकली. शेवटी महिन्यामहिन्याने केलं, एका वेळी तीन-चारशे, आणि प्रत्येक वेळी दोन्हीकडचा आकडा जुळतोय का ते बघून. आणि कट-पेस्ट चुकूनही करायचं नाही, आधी कॉपी, मग चारदोन फोटो उघडून बघायचे, मग इकडचे उडवायचे. मधेच केबल हलली तर कटमध्ये फाइल ना इकडे ना तिकडे. या कामाला अख्खी संध्याकाळ गेली आणि त्याबद्दल अजून लिहिण्यासारखं काही नाही, कंटाळा होता नुसता.

एक विचित्र गोष्ट मात्र सापडली. फोटो हलवूनही हिशोब जुळेना, पाच-सहा जीबी कुठेतरी गायब. फाइल मॅनेजरमध्ये लपवलेल्या फाइल दाखवा हे चालू केलं तर कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये डॉट पेंडिंग अशा नावाने सुरू होणारी, पुढे लांबलचक आकडे असलेली एक फाइल. साइज साडेपाच जीबीच्या वर. भाचीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ! रेकॉर्डिंग अर्धवट मेलं की फाइल अशी लटकलेली राहते, गॅलरीत दिसत नाही पण जागा खाते. ती चालेना, कारण व्हिडिओचा इंडेक्स, म्हणजे कुठलं चित्र कुठे आहे त्याची यादी, शेवटी लिहिली जाते आणि तो शेवट आलाच नव्हता. तरी मी नावातला डॉटचा भाग काढून ती कॉम्प्युटरवर घेतली.

मग नॉर्मल रिस्टार्ट. लोगो, अ‍ॅनिमेशन, आणि अनलॉक स्क्रीन. पाठोपाठ एसएमएस धडाधड, त्यातले सगळे ओटीपी आता शिळे. व्हॉट्सअ‍ॅपचे दोन दिवसांचे मेसेजही आले, न पोचलेला मेसेज सर्व्हरवर ३० दिवसांपर्यंत थांबतो म्हणे, त्यामुळे ते वाचले.

पुढची साफसफाई व्हॉट्सअ‍ॅपपासूनच केली, कारण तिथे १९ जीबी होते. सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज, तिथे 'अनेकदा फॉरवर्ड केलेले' आणि '५ एमबीपेक्षा मोठे' असे वेगळे ढीग करून मिळतात. पहिला ढीग मी न बघता उडवला आणि मला एकाचीही आठवण येत नाही. ऑटो डाउनलोड मीच चालू ठेवलेलं, दोष कोणाला देणार. शिवाय आपण पाठवलेल्या व्हिडिओची अजून एक कॉपी सेंट नावाच्या फोल्डरमध्ये पडते हे माहीत नव्हतं. डाउनलोड फोल्डरमध्ये एकाच फॉर्मची पीडीएफ सहा वेळा निघाली, कंसात एक, दोन, तीन करत, दरवेळी सापडत नाही म्हणून मी परत उतरवलेली. अ‍ॅपची कॅश क्लिअर केली, पण त्याच्या शेजारचं 'क्लिअर डेटा' दाबू नका, त्याने लॉगिन आणि आत साठवलेलं सगळं जातं, मी एका नोट्सच्या अ‍ॅपवर दाबता दाबता वाचलो.

आता १४ जीबी मोकळे आहेत आणि दहाच्या खाली जाऊ देत नाही. अँड्रॉइडचा इशारा साधारण ५०० एमबी उरल्यावर येतो, म्हणजे फोरकेचं दीड मिनिट, त्याच्या भरवशावर काय राहणार.

तो व्हिडिओ राहिला सांगायचा. ताईला खरं सांगितलं तर ती म्हणाली, "दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतोस आणि तुला एक व्हिडिओ काढता येत नाही का रे." त्यामुळे मित्राच्या मागे लागलो. त्याच फोनवर, त्याच सेटिंगला काढलेला एक चांगला व्हिडिओ नमुना म्हणून दिला तर त्यावरून तुटलेल्या फाइलचा इंडेक्स परत बांधणारं टूल असतं, ते त्याने रात्रभर चालवलं. सोळा मिनिटं निघाली. आवाज जरा मागेपुढे आहे पण चित्र स्वच्छ. दुसऱ्यांच्या मुलांचे चार ग्रुप डान्स पूर्ण आहेत, मग सूत्रसंचालक भाचीचं नाव घेतो, टाळ्या वाजतात, आणि पडदा सरकताना व्हिडिओ संपतो.